लग्नाआधीची वाटणी

माझ्या लग्नापायी आमच्या घराची वाटणी झाली. पडेगावातले लोक अजून सांगतात की मुसलमानाची पोरगी घरात आली आणि दोन भाऊ वेगळे झाले. ते खोटं आहे. ती घरात आली त्याच्या आधीच वाटणी झाली होती. का झाली हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलोय, म्हणून लिहून ठेवतो. मी तिसरीपर्यंत शिकलो, तेही निजामाच्या शाळेत, उर्दूत. मराठी अक्षरं नंतर दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. पण जे झालं ते सगळं नीट ध्यानात आहे, आणि त्यात मी माझ्या पदरचं काही घालणार नाही.

पडेगाव तेव्हा औरंगाबादच्या बाहेर होतं. आता शहराचं नाव बदललं आणि शहर पडेगावाच्याही पुढं गेलं, पण तेव्हा दौलताबादच्या रस्त्याला छावणी संपली की आमची शेतंच लागायची. वडील लवकर गेले. थोरल्या भावानं, दादानं, मला वाढवलं. शेत एकत्र, चूल एक, कर्ता तो. कुणी सोयरीक घेऊन आलं की दादा पाणी द्यायच्या आधी सांगायचा, "आमच्यात आज्यापासून वाटणी नाय." ते ऐकून पाव्हणे मान डोलवायचे. दुसरं सांगण्यासारखं आमच्यात फार नव्हतं.

मला नांगराचा नाद नव्हता. शहागंजात एका कारखान्यात ऑइल इंजिन उघडायला शिकलो आणि मिस्त्री झालो. त्या काळी विहिरींवर मोटा जाऊन इंजिनं येत होती. पाचोडपासून खुलताबादपर्यंत कुठंही इंजिन बंद पडलं की मला बोलावणं यायचं. सायकलीला पान्ह्यांची पिशवी अडकवून मी जायचो. माझ्या हातचं इंजिन वर्षभरात परत बंद पडलं असं कुणी सांगावं.

खुलताबादला गावकुसाच्या खाली एक मळा होता. सीताफळं, पेरू, थोडी ज्वारी. मालक विधुर, घरात तो आणि त्याची मुलगी. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी इंजिनाचं झाकण उघडायला लागलो तर ती पाठीमागून म्हणाली, "इंजन को कुछ नहीं हुआ. पंप पानी छोड रहा. वायसर लाए क्या?"

मी म्हणलं, "मिस्त्री कोण आहे हितं?"

"तुमीच हाव. म्हणून तर इचारलं, वायसर आणलं का?"

मराठी तिला येत होती, माझ्याइतकीच. पंपाच्या सांध्यात बसवायचं वायसर मी आणलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं. त्यानंतर वरचेवर जावं लागलं. लोक म्हणायचे की मिस्त्रीनं मुद्दाम काम ढिलं ठेवलं. मी काम कधी ढिलं ठेवलं नाही. त्या विहिरीत गाळच तसा होता.

दोन वर्षं गेली. मग आम्ही दोघांनी ठरवलं आणि एकाच दिवशी आपापल्या घरी सांगितलं.

मी मळ्यावर गेलो तर तिच्या अब्बांनी माझ्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाले, "मिस्त्री, आदमी अच्छे हो तुम. कलमा पढ लो. जुम्मे को निकाह कर देता."

मी म्हणलं, "ते व्हायचं नाय."

"तो फिर कायकू आए?" त्यांना राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. मग विहिरीकडं बघत म्हणाले, "पुलिस ॲक्शन के बाद हम लोग कित्ते दिन घर के बाहर नहीं निकले, मालूम है? तुम्हारे वाले क्या सोचेंगे, ये सोचके अब भी नींद नहीं आती."

घरी आईनं दुसऱ्या बाजूनं तेच काढलं. "रझाकाराच्या टायमाला तुला हाताला धरून नगरकडं पळाले व्हते. पायात काटे मोडले तुझ्या. इसरला?"

विसरलो नव्हतो. दोघांचंही खरं होतं.

दादानं भाकरी संपवली, हात धुतला, मग बोलला. "पोरगी शुद्धी करून घेती का इचार. घेतली तर नाव बदलू, हळद लावू, गावाला जेवाण घालू. मंग कुणी बोललं तर मी हाय."

दादाच्या मानानं हे लई होतं. पण मी म्हणलं, "मी बदलणार नाय आन् तिला बी बदलाया लावणार नाय."

"मंग लगीन लागंल कसं? भटजी लावणार नाय, काजी लावणार नाय. तू काय कलेक्टर हायेस का?"

तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मैं जिसको हाँ बोली, उसका नाम तो यही है. बदल के दुसरा आदमी लाऊँ क्या?"

शहरात एक वकील होते. निजामाच्या कोर्टात उर्दूत काम चालवलेले. त्यांच्या बागेतल्या इंजिनाचं काम माझ्याकडं होतं. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "कायदा आहे. दोघांनी आपापला धर्म ठेवायचा, कुणी बदलायचा नाही. ऑफिसात नोटीस द्यायची. ती महिनाभर बाहेर बोर्डावर लागते. कुणाची हरकत नसली, किंवा हरकत टिकली नाही, की तीन साक्षीदार घेऊन यायचं. अधिकाऱ्यासमोर एकमेकांना तोंडानं बोलायचं, ज्या भाषेत कळतं त्या भाषेत. सही केली की झालं."

मला वाटलं, संपलं. त्यांनी चष्मा काढला. "थांब. शेत एकत्र आहे का तुमचं?"

"आज्यापासून."

"मग नीट ऐक. सही झाली की तू त्या एकत्र कुटुंबातून वेगळा झालास, असं कायदा धरतो."

"म्हंजे हाकलून दिलं?"

"हाकललं नाही रे. तुझा हिस्सा तुझाच. पण एकत्र नाहीस."

"आन् मी म्हणलो, मला वेगळं निघायचं नाय, तर?"

"तुझ्या म्हणण्याचा प्रश्न येत नाही त्यात. तुझ्या भावाच्याही नाही."

छावणीतून सायकल हाणत घरी येताना मला दोन्ही घरांचा राग आला नाही, त्या कायद्याचा आला. आम्हाला धर्म ठेवू देतो म्हणतो आणि भाऊ ठेवू देत नाही, हे कसलं? पण माघार घेणं मला जमत नाही. नोटीस दिली. वाटणीचं घरी बोललो नाही.

आमच्यात लग्नाची पहिली पत्रिका देवापुढं ठेवतात. माझी पत्रिका ऑफिसातल्या बोर्डावर लागली, लिलावाच्या आणि जप्तीच्या कागदांमधे. सातबाऱ्यासाठी गेलेल्या पडेगावच्या एका माणसानं ती वाचली, दिवे लागायच्या आत गावाला कळली. सकाळी दादा पटका बांधून शहरात निघाला. वकिलांनी निरोप धाडला म्हणून मीही पोचलो.

दादा अधिकाऱ्यासमोर उभा होता. अधिकारी सभ्य माणूस होता, म्हणाला, "हरकत काय आहे ते सांगा."

"मी थोरला भाऊ. मी नाय म्हणतो."

"ते झालं. पण कारण लागतं. मुलाचं वय कमी आहे का?"

"चांगला घोडा झालाय."

"आधीची बायको जिवंत आहे?"

"आधीची असती तर ह्ये कशाला झालं असतं?"

"मुलगी जवळच्या नात्यातली आहे का?"

"साहेब, नात्यातली कशी असंल? तीच तर हरकत हाय!"

शिपाई तोंडावर हात ठेवून बाहेर गेला. अधिकाऱ्यानं हसू दाबून पुढचं विचारलं, "मुलगा वेडसर आहे का?"

दादानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तसा हाय."

"डॉक्टरचा दाखला आणलाय?"

"दाखला कशाला? तुमच्याम्होरं उभा हाय की."

"पाटील, ह्यातलं एकही कारण बसत नाही," अधिकारी म्हणाला. आम्ही पाटील नव्हतो, पण दादानं दुरुस्त केलं नाही.

"घर फुटतंय, हे बसत नाय?"

अधिकाऱ्यानं कायद्याचं पुस्तक उघडलं. "ते तर कायद्यातच लिहिलंय. लग्न झालं की हे तुमच्या एकत्र कुटुंबातून वेगळे."

दादा खुर्चीवर बसला. त्याला बसा असं कुणी म्हणलं नव्हतं. त्यानं मान वळवून मला विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"आन् बोलला नायस."

"बोलून काय करणार व्हतास? कायद्याशी भांडणार व्हतास?"

तो उठला. ऑफिसाच्या आवारात लिंबाखाली जाऊन तंबाखू मळायला लागला. मी शेजारी उभा राहिलो. मळून झाली तरी त्यानं तोंडात टाकली नाही. तळहातावरच राहिली.

"आज्यापासून कुणी फोडलं नाय," तो म्हणाला. "भाऊबंदांनी नाय, सोयऱ्यांनी नाय, रझाकारांनी नाय. आन् आता कुठल्या पुस्तकातली एक ओळ फोडणार? म्हंजे लोक काय म्हणतील, सरकारानं आमची वाटणी केली?"

"दादा, मी त्या..."

"गप. फुटायचंच असंल तर कर्ता मी हाय, मी फोडीन. तुझी सही व्हायच्या आत वाटणी व्हईल. रीतीनं व्हईल. थोरला वाटे पाडंल, धाकटा उचलंल. तसं झालं तर तुझ्या त्या लग्नाला मी येईन, साक्षीदार म्हणून म्हणशील तर साक्षीदार म्हणून. नाय झालं तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाय."

साक्षीदार दोन मिळाले होते. एक वकील. दुसरे तिचे अब्बा. ते तयार झाले तेव्हा एवढंच म्हणाले होते, "मेरी बेटी वहाँ अकेली खडी रहेगी क्या?" तिसरा मला कुणीही मिळाला असता. कारखान्यातली पोरं होती. पण मला तिसरा दादाच पाहिजे होता. तो आला नसता तरी लग्न लागलं असतं, पण ते एका बाजूचं झालं असतं.

वाटणीच्या दिवशी गावातले दोन म्हातारे पंच म्हणून आले. आमच्याकडं रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. त्यामुळं थोरला वाटे सारखेच पाडतो, कारण उरेल ते त्याचं. प्रत्येक वाट्यातलं एक ढेकूळ आणून अंथरलेल्या पटक्यावर ठेवतात. आई उंबऱ्यात बसली होती.

दादानं पटका अंथरला आणि ढेकळं ठेवली. मी बघितलं आणि माझं डोकं फिरलं. एक ढेकूळ नाल्याकाठच्या काळ्या रानाचं. त्यात विहीर, इंजिन, सगळं भिजतं रान. दुसरं वरच्या माळाचं, मुरूम. त्यात चार बोरी आणि दगड. हे वाटे नव्हते. एका बाजूला शेत होतं आणि एका बाजूला शेताचं नाव.

"उचल," दादा म्हणाला.

"नाय उचलत. वाटे बरोबर नायत."

"थोरल्याच्या वाट्यात खोट काढतो?"

"काढतो. काळी समदी एकीकडं कशी?"

"तुला काळी उचलाया कुणी नको म्हणलंय का?"

एक पंच दुसऱ्याला म्हणाला, "आजवर कमी आलं म्हणून रडणारे बघितले. जास्त येतंय म्हणून भांडणारा ह्यो पहिलाच." दुसरा म्हणाला, "बायको मिळाल्यावर गार पडंल."

दादानं आवाज खाली आणला. "तू बाहेर चाललास. माळ तुला आला तर लोक म्हणतील, मुसलमानीण केली म्हणून भावानं दगडावर काढला. मी ऐकून घेणार नाय ते."

"आन् काळी मी उचलली तर म्हणतील, लग्नाचं निमित्त काढून इहीर घेऊन गेला. ते मी बी ऐकून घेणार नाय."

"मंग माळ उचल."

"माळ उचलला तर तू ऐकून घेणार नाय म्हणतोस की."

"बापावर गेलेत दोघं बी," आई उंबऱ्यातून म्हणाली. "एक ढेकूळ उचलाया जलम घालवतील."

ऊन डोक्यावर आलं तसे पंच उठून जेवायला गेले आणि परत आले नाहीत. दादा गोठ्यात गेला. मी सायकल काढली. पटका तसाच अंगणात पडला होता आणि एक कोंबडी मुरमाचं ढेकूळ उकरत होती. बोर्डावरच्या नोटिशीचा महिना संपत आला होता.

खुलताबादला तिला सगळं सांगितलं. ती आधी पोटभर हसली. मी म्हणलं, हसण्यासारखं काय आहे, तिकडं भाऊ तुटतोय. तेव्हा थांबली आणि म्हणाली, "इहीर एकाच्या वाट्याला कशाला घातली?"

"मग कुठं घालायची?"

"अब्बा और चच्चा का बटवारा हुआ, तो जमीन बांटी. बावडी नहीं बांटी. बावडी की पाळी रहती." मग मराठीत समजावलं, लहान पोराला सांगावं तसं. "आडवं कापलं तर एकाला काळी, एकाला माळ. उभं कापा. नाल्यापास्नं माळापर्यंत. दोघांना आर्धी काळी, आर्धा मुरूम. इहीर दोघांची. एक दिवस त्यांनी पाणी घ्यायचं, एक दिवस आपण."

पाळी मलाही ठाऊक होती. मी चार गावच्या विहिरींवर काम करायचो, पाळीवरून डोकी फुटलेली बघितली होती. पण आमच्या घरात वाटणीच कधी झाली नव्हती, तेव्हा आमच्या विहिरीला पाळी लागेल हे माझ्या किंवा दादाच्या मनात येणारच नव्हतं. आम्ही दोघं विहीर कुणाची ह्यावरच अडून बसलो होतो.

परत येऊन दादाला सांगितलं. तो वैरण टाकत होता. ऐकून घेतलं, पेंढी सोडली, म्हणाला, "हे तुझ्या डोक्यातलं नाय."

"नाय."

"वकिलाच्या?"

"तिच्या."

दादानं दुसरी पेंढी सोडली. बैलापुढं टाकली. मग तिसरीही सोडली, जी संध्याकाळची होती.

आई म्हणाली, "अरं, पण पाळी म्हंजे रोज एकमेकाचं तोंड बघावं लागंल. तुमची वेगळी चूल झाल्यावर बी. तिचं बी बघावं लागंल. ती पाण्यावर येईल की."

"लागंल तर लागंल," दादा म्हणाला.

त्यानं म्हाताऱ्या पंचांना पुन्हा बोलावून आणलं. शेत उभं मोजलं, मधोमध दगड पुरले. मग पटक्यावर दोन ढेकळं ठेवली, दोन्ही काळ्या रानातलीच, एकसारखी. पंच म्हणाले, "आता दोन्ही वाटे सारखेच हायेत, तर उचलायचं कशाला?"

"रीत हाय," दादा म्हणाला. "उचल रे."

मी हाताला लागलं ते उचललं. तलाठ्याकडं जाऊन विहीर सामायिक लिहून घेतली. आईनं त्या दिवशी पुरण घातलं नाही आणि रडलीही नाही. वाटणीच्या दिवशी घरात दोन्ही करत नाहीत, असं ती म्हणाली. हे खरंच कुठं असतं का, मला ठाऊक नाही.

लग्नाच्या दिवशी आम्ही ऑफिसात गेलो. तिनं पिवळी ओढणी घेतली होती. अब्बांनी शेरवानी घातली होती, ती त्यांना ढिली झाली होती. दादा पटका नवा बांधून आला आणि कुणाशी न बोलता भिंतीला टेकून उभा राहिला. अधिकाऱ्यानं आम्हाला समोरासमोर उभं केलं आणि काय बोलायचं ते सांगितलं. मी मराठीत बोललो, की मी हिला कायद्यानं माझी बायको करून घेतो. ती तिच्या बोलीत बोलली. अधिकाऱ्यानं विचारलं, "दोघांना एकमेकांचं कळलं ना?" ती म्हणाली, "कब का."

सह्या झाल्या. वकिलांची इंग्रजीत, अब्बांची उर्दूत. दादाला फक्त स्वतःचं नाव लिहिता यायचं, ते त्यानं इतकं दाबून लिहिलं की खालच्या पानावर उमटलं असेल. मग टाक खाली ठेवून त्यानं अधिकाऱ्याला विचारलं, "साहेब, आता कायद्यानं आम्ही भाऊ हाव का नाय?"

अधिकाऱ्यानं जरा विचार केला. "भाऊ तर आहातच. ते कसं जाईल? फक्त एकत्र कुटुंब आता राहिलं नाही."

"ते व्हय," दादा म्हणाला. "ते आम्ही आठ दिसांमागंच करून टाकलं. तुमचा कायदा उशिरा आला."

आणि तो अब्बांकडं वळला. तोपर्यंत त्यानं त्यांना व्याही काय, कुठल्याच नात्यानं हाक मारली नव्हती. "चला इवाई," म्हणाला, "च्या घेऊ. पाळीचं बोलायचंय तुमच्याशी. तुमच्याकडं सकाळची धरतात का दिवसाआड?"

अब्बांनी शेरवानीची बटणं सोडली आणि म्हणाले, "बैठ के बताता. लंबी बात है." दोघं पुढं चालू लागले, आणि आम्ही दोघं मागं.